पाण्याची पट्टी अन् पाण्याची वही: मामा तलावाचं पाणी वर-खाली होतं तेव्हा गावानं काय करायचं

तलावात आज किती पाणी आहे असं आमच्या गावात दहा जणांना विचारा, दहा उत्तरं येतील. एक म्हणेल बम पाणी आहे, दुसरा म्हणेल घाटाच्या पायऱ्या उघड्या पडल्या म्हणजे गेलंच समजा, म्हशीवाला म्हणेल म्हशी बुडून राहिल्या नं, मग अजून काय पाहिजे. अन् ऑक्टोबरात धानाला पाणी द्यायला तलावाचं गेट उघडायचं की नाही यावर भांडण लागलं की जो तो आपल्या डोळ्यानं मोजलेलं पाणी घेऊन भांडतो. मी ढिवराच्या म्हणजे मासेमाराच्या घरचा, ढिवरांच्या संस्थेचा हिशोब माझ्याकडं असतो, आई अजून आठवडी बाजारात मासोळ्या घेऊन बसते, आणि आमची दीड एकर धानाची बांधी पण याच तलावाखाली आहे, त्यामुळं गेट उघडलं तरी घरात चिंता अन् बंद ठेवलं तरी चिंता. पाच वर्षं झाली आम्ही तलावावर पाणी मोजायची पट्टी लावून रोजची नोंद ठेवून राहिलो. त्यातून जे शिकलो ते इथं लिहितो, कारण भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चारही जिल्ह्यांत असे हजारो तलाव आहेत आणि बहुतेक ठिकाणी भांडण हेच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी हे बांधले, गावाच्या वरच्या अंगाला उतार पाहून मातीची पाळ टाकायची, वरचं पाणी अडवायचं अन् खालच्या बांध्या भिजवायच्या. नवेगावबांधचा मोठा तलाव असाच झालेला. १९५०-५१ साली मालगुजारी म्हणजे जमीनदारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि पाळीवर माती टाकणं, नहर साफ करणं ही जी कामं गाव मिळून करत होतं ती हळूहळू कोणाचीच राहिली नाहीत. तलाव गाळानं उथळ झाले. उथळ तलावाचं एक लक्षात घ्या, तो लवकर भरतो, लवकर सांडतो अन् लवकर आटतो. पाणी वर-खाली होणं पहिलेही होतं, पण आता ते झटक्यानं होतं, आणि तलावाच्या काठानं पोट भरणाऱ्याला झटकाच मारतो.

पट्टी कशी लावायची ते आधी सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे.

हे काम मे महिन्यात करा, पाणी तळाला गेलेलं असतं तेव्हा. तारेच्या कुंपणाला लावतात तसे सिमेंटचे खांब घ्या, तीन-चार लागतील. एकच उंच खांब मधात गाडला तर तो काठावरून वाचता येत नाही अन् जाळी अडकून पडतो, म्हणून उताराउतारानं लावायचे, पहिला खांब पाळीजवळ उंचावर, दुसरा त्याच्या खाली, तिसरा अजून खाली, असे की एकाचा बुड जिथं तिथंच पुढच्याचा शेंडा आला पाहिजे. सगळ्यांचं माप एकाच शून्यापासून धरायचं, आणि तो शून्य म्हणजे गेटचा उंबरठा, ज्याच्या खाली पाणी गेलं की गेट पूर्ण उघडलं तरी नहरात थेंब जात नाही. उंबरठ्याची पातळी खांबावर आणायला इंजिनियर लागत नाही, घरबांधणीचे मिस्त्री पारदर्शक पाईपमध्ये पाणी भरून लेव्हल काढतात नं, त्याच पाईपनं होतं. आमच्याकडं गावातल्याच मिस्त्रीनं अर्ध्या दिवसात केलं, चहा अन् दुपारचं जेवण यावर. पाईपमध्ये हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, आमचा पहिला खांब त्याच्यानंच चार बोटं चुकला होता, दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं.

मग पांढरा ऑइलपेंट, त्यावर काळ्या रंगानं दर १० सेंटीमीटरला रेघ, दर ५० ला मोठा आकडा. उंबरठ्याच्या खालचे आकडे लाल रंगानं लिहा, ते उण्यातले. सांडव्याच्या माथ्याची पातळी पण पट्टीवर कुठं येते ती खूण करून ठेवा. आमच्याकडं सांडवा २६० वर येतो, आणि तळाचा सगळ्यात खोल डोह उणे १२० ला आहे. हे तीन आकडे, म्हणजे सांडवा, उंबरठा अन् डोहाचा तळ, शाळेच्या भिंतीवर रंगवून ठेवले तर अजून चांगलं.

आता वही. साधी दोनशे पानी, पाच रकाने पुरतात: तारीख, पट्टी, काल किती पाऊस पडला, गेट उघडं की बंद, आणि शेवटच्या रकान्यात काहीही. त्या शेवटच्या रकान्यातच खरी मजा आहे, "सकाळी मासोळ्या वर तोंड काढत होत्या", "वरच्या गावचा तलाव सांडला", "बगळे बम आले", असं लिहिलेलं दोन-तीन वर्षांनी वाचलं की तलाव बोलायला लागतो. वाचन रोज सकाळी एकाच वेळेला. वाऱ्यानं लाट असेल तर वरचा अन् खालचा आकडा पाहून मधला घ्या. आमच्याकडं ही वही सातवी-आठवीतल्या दोन पोरी भरतात, शाळेत जाताना त्यांचा रस्ता पाळीवरूनच जातो. एकही दिवस चुकवत नाहीत, सुट्टीतही नाही.

पहिले काही महिने लोक हसले. आमचे मोठे बाबा तर म्हणालेच, "अरे बाबू, पानी का वहीत मावते का गा?" पण त्यांनाच पहिल्यांदा पटलं, जेव्हा आकड्याचं पाण्यात रूपांतर करून दाखवलं. ते असं. १ हेक्टरवरून १ सेंटीमीटर पाणी उतरलं म्हणजे १ लाख लिटर गेलं. आमचा तलाव भरला की २० हेक्टर पसरतो, म्हणजे पट्टीवर १ सेंटीमीटर म्हणजे २० लाख लिटर. धानाच्या एक एकर बांधीत ५ सेंटीमीटर पाणी उभं करायला २ लाख लिटर लागतं. म्हणजे पट्टीवरच्या एका सेंटीमीटरात दहा एकराचं एक पाणी व्हायला पाहिजे. आमच्या वहीत पहिल्या वर्षी एका सेंटीमीटरात चार-पाच एकरच भिजल्याचं निघालं, उरलेलं अर्धं कच्च्या नहरीनं अन् फुटलेल्या धुऱ्यांनी (शेताच्या बांधांनी) खाल्लं. त्या दिवशी मोठे बाबा काहीच बोलले नाही, पण पुढच्या आठवड्यात नहरीचा गाळ काढायला तेच फावडं घेऊन पुढं होते.

पसारा पाणी उतरेल तसा कमी होतो हे मात्र विसरू नका, अर्ध्यावर आलेल्या तलावाचा १ सेंटीमीटर म्हणजे २० लाख लिटर नसतो. म्हणून महिन्यातून एकदा पाण्याच्या काठाकाठानं चक्कर मारा, मोबाईलवर शेत मोजायचे जे ॲप असतात त्यात चालत चालत क्षेत्र निघतं, ते त्या दिवशीच्या पट्टीसमोर लिहून ठेवा. एका वर्षात तुमच्याकडं कोणत्या आकड्याला किती पसारा याचा तक्ता तयार होतो, अन् तो एकदा झाला की गाळ काढेपर्यंत चालतो.

गेट बंद असताना पाणी उतरतं ते दोनच वाटांनी, उन्हानं उडून नाहीतर जमिनीतून पाझरून. कोणतं किती हे ओळखायची सोपी युक्ती आहे. पाळीवर मोकळ्यावर एक पसरट टब ठेवा, त्यात पाणी भरा, गुरं-कुत्री पिणार नाहीत अशी जाळी टाका आणि त्यातलं पाणी रोज किती उतरतं ते पण मोजा. टब छोटा असल्यानं तापतो, त्यातलं पाणी तलावापेक्षा जास्तच उडतं. म्हणून तलाव जर टबापेक्षाही जास्त उतरत असेल तर पाझर आहेच, त्यात शंका नाही. मग पाळीच्या खालच्या अंगानं फिरा. ओल असेल, झरा असेल तर ओंजळीत पाणी घेऊन पाहा. नितळ असेल तर लक्ष ठेवा, वहीत लिहा. गढूळ असेल तर त्याच वेळी हालचाल करा, कारण गढूळ पाणी म्हणजे आतून पाळीची माती वाहून येऊन राहिली. झऱ्याभोवती रेतीच्या पोत्यांचं गोल कडं करायचं, पाणी आत थोडं चढू द्यायचं म्हणजे जोर कमी होतो, तोंड बुजवायचं नाही, गेट उघडून तलाव हळूहळू उतरवायचा, खालच्या घरच्या लोकांना सांगायचं आणि ग्रामपंचायतीला, तलाठ्याला, पाटबंधाऱ्याच्या लोकांना फोन लावायचा. खेकड्याची बिळं अन् उंदराची घुशीची बिळं हे याचं नेहमीचं कारण.

आता पावसाळा. मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला अन् वरचे नाले वाहायला लागले की तलावातली मासोळी उलट्या पाण्यानं चढते, नाल्यात, बांध्यांत, गवतात जाऊन अंडी देते. हे चढणीचे मासे धरायला अख्खं गाव काठ्या-पोते घेऊन धावतं, लहानपणी मी पण धावलो. पण एक मासोळी तेव्हा मारली म्हणजे हजारो पिल्लं मारली. आमच्या संस्थेनं ठरवून टाकलं की नाल्याच्या तोंडाशी जून-जुलै जाळं लावायचं नाही, आणि गावाला पण हात जोडून सांगितलं. रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली म्हणजे बोटाएवढी पिल्लं आपण बाहेरून आणून सोडतो, या मासोळ्या साचलेल्या पाण्यात अंडी देत नाहीत, पण मरळ, वाघूर अशा आपल्या गावरानी मासोळ्या इथंच वाढतात अन् बाजारात भाव त्यांनाच जास्त.

बोटुकली कधी सोडायची हे पण पट्टीवरूनच ठरवा. लोक पहिल्याच पुरात सोडतात, मग तलाव सांडतो अन् विकत आणलेलं बी खालच्या नाल्यानं निघून जातं. सांडवा जोरात वाहणं थांबू द्या, पाणी निवळू द्या, मग सोडा, आणि बोटाएवढी झालेलीच सोडा, बारीक जिरे मोठ्या मासोळीचं खाणं होतात. सांडव्यावर मासे अडवायला जे जाळं बांधतात त्याबद्दल मी कळकळीनं सांगतो, बारीक जाळं बांधू नका. बेशरमाच्या फांद्या, जलपर्णी, पऱ्हाटी सगळं वाहून येऊन त्यात अडकतं, सांडवा तुंबतो आणि पाणी पाळीवरून जायला लागतं. मातीच्या पाळीवरून पाणी गेलं की पाळ राहत नाही. बांबूच्या कमच्यांची बोटभर फटी असलेली ताटी लावा, तिरपी लावा, आणि झडीच्या रात्री दोन माणसं कंदील घेऊन तिथं पाहिजेतच, कचरा काढायला. थोडे मासे गेले तर गेले.

आमच्याकडचे तलाव साखळीनं आहेत, वरच्याचा सांडवा खालच्याला भरतो. म्हणून वरच्या गावातल्या कोणाचा तरी नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. त्यांचा तलाव सांडला की आमच्याकडं चार-पाच तासात पाणी येतं, हे आम्हाला वहीतूनच कळलं, आता त्यांचा फोन आला की शिंगाड्यावाले आपली डोंगी बांधून घेतात. शिंगाड्याचा वेल हळू चढणाऱ्या पाण्याबरोबर वर येतो, पण एका रात्रीत हातभर पाणी चढलं की मूळ सुटतो नाहीतर बुडतो, आणि झटक्यानं उतरलं की चिखलात लोळतो. शिंगाडा लावायचाच तर नाल्याच्या तोंडापासून दूर, जिथं कंबरेएवढं पाणी दिवाळीपर्यंत टिकतं अशा कोपऱ्यात. वहीत मागच्या वर्षीचे आकडे असले की तो कोपरा सापडतो.

आणि मग येतो तो सप्टेंबरचा शेवट. पाऊस उघडतो, हलका धान निघायला लागतो पण भारी धान अजून लोंबीवर असतो, दाणा भरायला त्याला पाणी पाहिजेच, त्या पंधरा-वीस दिवसांत बांधी फुटली तर वर्षभराची मेहनत पोचट निघते. त्याच वेळी ढिवरांची मासोळी वाढीला लागलेली असते. इथंच भांडण. आमच्या गावात एका वर्षी रात्री कोणीतरी गेट उघडून दिलं, सकाळपर्यंत पाणी पार उतरलं, काठाच्या खड्ड्यांमध्ये बोटुकली अडकून राहिली अन् दुपारच्या उन्हात मेली. आई तिथं बसून टोपलीत मेलेली बोटुकली वेचत होती, विकायला नाही, वास सुटू नये म्हणून. चांदीसारखे बारीक बारीक. ते पाहिल्यावर मी ठरवलं की यावर काहीतरी करायचं.

म्हणून लाल पट्टा. पट्टीवर एक अशी रेघ, जिच्या खाली शेतीसाठी पाणी सोडायचं नाही, हे गावानं मिळून ठरवायचं. ती रेघ अंदाजानं मारू नका, उलटं मोजत या. आमचं उदाहरण देतो. जूनच्या सुरुवातीला, मृग लागायच्या वेळी, डोहात कमीत कमी १ मीटर पाणी पाहिजे, तेवढं असलं तर मासोळीचं बियाणं जगतं अन् गुरांना प्यायला राहतं. डोहाचा तळ उणे १२० ला, म्हणजे जूनमध्ये पट्टी उणे २० च्या खाली जायला नको. आता गेट बंद असताना डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडं २० सेंटीमीटर उतरतं, फेब्रुवारी-मार्चात ३५, एप्रिलपासून मृगापर्यंत ६५, मे महिन्यात तर दिवसाला जवळजवळ १ सेंटीमीटर जातं. एकूण १२०. उणे २० मध्ये १२० मिळवले की १०० येतात. म्हणून आमचा लाल पट्टा १०० वर आहे. सांडवा २६० वर, म्हणजे तलाव भरला त्या वर्षी वरचं १६० सेंटीमीटर पाणी धानाचं, हे शेतकऱ्यालाही दिसतं. आकडे तुमच्या तलावाचे तुम्हीच काढायचे, आमचे उचलू नका, तुमचा पाझर वेगळा असेल.

बैठक गणपती उठल्यावर घ्या, दसऱ्याच्या आधी. गेट उघडायची वेळ आल्यावर घेतली तर डोकी तापलेली असतात. बैठकीत नहरीच्या तोंडावरचे शेतकरी येतातच, शेवटच्या टोकावरच्यांना घरी जाऊन बोलवा, पाणी त्यांनाच पोचत नाही. ढिवर, गुराखी, शिंगाडेवाले, आणि बाया. घाटावर रोज कोण जातं, बायाच नं. आमच्या पहिल्या बैठकीत एका काकूंनी उभं राहून विचारलं, "तुमी गेट उघडून पानी नेता, मंग आमी उन्हाळ्यात कपडे धुवाले कोठं जावाचं?" सगळे गप. तोपर्यंत धुण्याचं पाणी कोणाच्या हिशोबातच नव्हतं. पाणी सोडायचं ते टोकापासून तोंडाकडं, म्हणजे शेवटच्या बांधीला आधी, हे एकदा लिहून सह्या घ्या. गेटची किल्ली दोन जणांकडं, एक शेतकऱ्यांचा, एक ढिवरांचा, दोघं सोबत गेल्याशिवाय गेट हलत नाही. आणि एका दिवसात पट्टी १० सेंटीमीटरपेक्षा जास्त उतरू द्यायची नाही, म्हणजे बोटुकलीला काठावरून खोल पाण्यात सरकायला वेळ मिळतो.

कमी पावसाच्या वर्षी काय? दसऱ्याला तलाव १३० वर असेल तर धानाला ३० च सेंटीमीटर. तेव्हा आम्ही उन्हाळी धानाचा विषय बैठकीत येऊच दिला नाही, उन्हाळी धान म्हणजे पाण्याचा घडा पालथा करणं, छोट्या तलावावर तो होत नाही. आणि संस्थेनं पण एक पाऊल मागं घेतलं, मोठी मासोळी दिवाळीपासूनच थोडी थोडी काढायला सुरुवात केली. हे फार कामाचं आहे. आटणाऱ्या तलावात सगळे एप्रिल-मेमध्ये एकदम जाळं टाकतात, आजूबाजूच्या सगळ्या गावांचा माल एकाच आठवड्यात बाजारात येतो अन् भाव पडतो. पट्टी पाहून चार महिने आधी कळलं की पाणी उरणार नाही, तर बुधवारी थोडी, रविवारी थोडी काढा.

पाणी उतरलं की काठाची जमीन उघडी पडते, गाळपेर. हरभरा, लाखोळी, वाटाणा, ओलीवर मस्त येतं, भूमिहीन घरांना याचा मोठा आधार आहे, त्याला विरोध करू नका. पण तीन गोष्टी बैठकीतच ठरवा. कोणाला किती, हे दरवर्षी नव्यानं, नाहीतर चार वर्षांत तिथं धुरा पडतो अन् मालकी सुरू होते. फवारणी नाही, कारण ते औषध पहिल्या पावसात तलावातच येतं. आणि पेरणीसाठी पाणी लवकर उतरवायची मागणी मान्य करायची नाही, पाणी आपल्या वेळेनं मागं सरेल तसं पेरायचं.

याच उघड्या काठावर बेशरम पसरतो. तो तोडून भागत नाही, तोडलेला तुकडा चिखलात पडला की तिथंच फुटतो. उन्हाळ्यात मुळासकट उपटा, पाण्यापासून लांब ढीग करून वाळवा, मग जाळा. अर्जुनी मोरगाव भागात ढिवर समाजाच्या बायांनी हेच केलं, बेशरम काढला, तळाची थोडी नांगरट केली अन् पाण्याखाली वाढणारी आपली देशी वनस्पती पुन्हा लावली, मग गावरानी मासोळी परत दिसायला लागली. मासोळीला घर पाहिजे, नुसतं पाणी नाही.

गाळाबद्दल थोडं सविस्तर, कारण आमचं इथं हात पोळले. २०१७ मध्ये गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आली, विचार चांगलाच आहे, तलाव खोल होतो अन् शेताला काळी माती मिळते. पण आमच्याकडं ज्याला काम मिळालं होतं त्याच्या मशीनला मुरूम पाहिजे होता, रस्त्याच्या कामाला. गाळ काढून झाल्यावर तो खालचा चिकण मातीचा थर पण खरवडत गेला, खाली मुरूम लागला, आम्ही खुश होतो की काय खोल झाला तलाव. त्या वर्षी सांडव्यापर्यंत भरलेलं पाणी जानेवारीतच संपलं. तो चिकण थरच पाणी धरून ठेवत होता. पुढं दोन उन्हाळे गावानं बैलगाडीनं चिकण माती आणून त्या खड्ड्यात तुडवली तेव्हा कुठं पाझर कमी झाला. म्हणून मशीन चालू असताना गावचा एक माणूस तिथं दिवसभर उभा पाहिजे. पहारीनं खड्डा करून गाळाची जाडी आधीच मोजा, काळा-राखी भुसभुशीत गाळ संपून चिवट माती लागली की थांबा. पाळीच्या पायथ्याजवळ अजिबात खोदू देऊ नका, पाळ घसरते. सगळा तलाव परातीसारखा सपाट करू नका, काठाचा उथळ भाग मासोळीच्या पिल्लांचा अन् पक्ष्यांचा, तो राहू द्या, मधात एक-दोन डोह खोल करा. आणि गाळ काढल्यावर पसाऱ्याचा तक्ता नव्यानं करा.

मोठ्या धरणाच्या काठी राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे, तिथं गेट गावाच्या हातात नाही. वैनगंगेवरच्या गोसीखुर्दचं भूमिपूजन १९८८ मध्ये झालं, ३३ दरवाजे, पूर्ण भरलं की पातळी २४५.५० मीटर, आणि ते पाणी मागं भंडाऱ्यापर्यंत फुगतं. नागपूरची घाण घेऊन नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, ती सगळी या साचलेल्या पाण्यात येते, अन् पहिले वाहत्या नदीत मिळणारी मासोळी अन् रेतीवरच्या डांगरवाड्या दोन्ही गेल्या. ऑगस्ट २०२० च्या पुरात तर भंडारा शहरातच पाणी घुसलं. अशा गावांनी पण खूण ठेवावी, विजेच्या खांबावर, देवळाच्या ओट्यावर, तारखेसह. ज्या दिवशी पाणी तुमच्या बांधीत आलं त्या दिवशीचे लोकेशन-तारीख येणारे फोटो काढा, गट नंबर लिहा, तलाठ्याला अन् तहसीलदाराला लेखी अर्ज देऊन पोच घ्या, पंचनामा मागा. मग माहितीच्या अधिकारात १० रुपयांचं तिकीट लावून त्याच तारखेची धरणाची पातळी मागा, ३० दिवसांत द्यावी लागते. धरणासाठी भूसंपादन न झालेल्या जमिनीत पाणी आलं हे सिद्ध करायला तुमची खूण अन् त्यांची पातळी शेजारी शेजारी ठेवता आली पाहिजे.

कागदांचं पण सांगून टाकतो. १०० हेक्टरपर्यंत सिंचनाचे तलाव जिल्हा परिषदेकडं असतात, पाळ-गेटच्या दुरुस्तीचा अर्ज तिथल्या लघु पाटबंधारे विभागाला. तहसीलमधून आपल्या गावचं निस्तार पत्रक अन् वाजिब-उल-अर्ज काढून आणा, तलावाच्या पाण्यावर कोणाचा काय हक्क हे त्यात लिहिलेलं सापडतं, आमच्या बैठकीतले अर्धे वाद त्या जुन्या कागदानंच मिटले. तलाव जंगलात येत असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्यात पाणवठ्यातल्या मासोळीवरचा सामूहिक हक्क पण धरलेला आहे, ग्रामसभेनं दावा टाकावा. अन् कोणताही अर्ज देताना वहीच्या पानांची झेरॉक्स जोडा. नुसतं "तलाव आटला" लिहिलेल्या अर्जाकडं कोणी पाहत नाही, "१२ जानेवारीला गेट बंद असताना एका दिवसात ४ सेंटीमीटर उतरलं" लिहिलं की साहेब पाळ पाहायला येतो, आमच्याकडं आला.

शेवटी उन्हाळा. एप्रिलपासून पहाटे तलावावर जात जा. मासोळ्या पाण्याच्या वर तोंड काढून गप गप हवा घेत असतील तर पाण्यातला ऑक्सिजन संपून राहिला, अन् हे नेहमी पहाटेच दिसतं, ऊन चढलं की लपतं. त्या दिवशीपासून शेण-खाद्य टाकणं बंद, म्हशी डोहात सोडणं बंद, मोठी मासोळी काढून गर्दी कमी करा, आणि डिझेल पंपानं डोहातलंच पाणी उचलून उंचावरून फवाऱ्यासारखं पुन्हा डोहातच पाडा, सूर्य उगवेपर्यंत. डोहाच्या एका कोपऱ्यात बोराटीच्या फांद्या टाकून ठेवा, तिथं जाळं फिरत नाही, तेवढी मासोळी बियाण्याला राहते. आमच्या आईनं तो कोपरा राखायला स्वतःवर घेतला आहे, संध्याकाळी बाजारातून आली की टोपली पाळीवर ठेवून एक चक्कर मारूनच घरी येते.

मृग लागायच्या आठ दिवस आधी खांब पुन्हा रंगवून घ्या, शेवाळानं आकडे पुसलेले असतात. उंबरठ्याचा शून्य पाईपनं परत एकदा तपासा, पावसा-चिखलात खांब बसतो. नवी वही काढा अन् पहिल्या पानावर जुन्या वहीतला सगळ्यात खालचा आकडा लिहा. आमचा यंदाचा उणे १४.